चिंधूमामांची लाल पाटी

टीनाच्या सासऱ्यांना, चिंधूमामांना, एटीएम कार्ड वापरायला जमत नसे, पण ते सांभाळायला मात्र झकास जमे. कार्डाच्या पाकिटाला त्यांनी तारेने एक लाल पाटी बांधली होती: ‘काम चालू है, स्विच चालू न करें’. एका छोट्या रोलिंग मिलमध्ये ते तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, मशीन दुरुस्तीला असली की स्विचवर टांगायची ती ही पाटी. टीना ती बघून गालातल्या गालात हसायची. नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये काम करणारी, घरातले सगळे मोबाईल हाताळणारी सून, हसणारच.

त्या गुरुवारी सकाळी सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये मामांचा फोन वाजला आणि नेहमीप्रमाणे टीनानेच उचलला. बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय, असं एक माणूस अदबीने हिंदीत सांगू लागला. मामांचं पूर्ण नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं बरोबर. बारापर्यंत माहिती दिली नाही तर खातं बंद! सोमवारी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्याचे पैसे त्याच खात्यात होते.

“मामाजी, कार्ड द्या ना जल्दी! मॅसेज आला की त्यातला नंबर सांगाचा आहे.”

मामा खाटेवरून हलले नाहीत. “पाटी मी टांगली, मीच काढीन. अन् सोता जाऊन पाहिल्याबिगर नाही.”

“अहो, खातं बंद होईन! आईचं ऑपरेशन आहे!” टीना चांगलीच चिडली. म्हाताऱ्याच्या हट्टापायी सासूबाई लंगडत बसणार, असंच तिला वाटलं.

मामांनी फोन घेतला. “साहब, आप बैठे कहाँ हो? ब्रांच बताओ, मैं खुद आता हूँ।”

पलीकडे आधी गोडीगुलाबी, मग घाई, मग चक्क धमकी. मामांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा तितक्याच शांतपणे विचारला. पलीकडून एक कचकचीत शिवी आली आणि फोन बंद झाला. टीनाचा चेहरा खर्रकन उतरला.

मामांनी चपला घातल्या, टीनाही मागोमाग निघाली. बँकेत काउंटरवरच्या आम्रपाली मॅडमनी खातं पाहिलं. सगळे पैसे जागेवर होते आणि बँकेतून कोणी फोन केलाच नव्हता. त्यांनी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावली.

बाहेर पडल्यावर टीनाने विचारलं, “मामाजी, तो चोर आहे हे तुमाले कसं समजलं?”

“मले कुठं समजलं? मी त फक्त पाटी काढली नाही.” मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, “मिलमध्ये एकदा असाच फोन आलता. साहेब खराच होता. म्हणे, काम झालं, स्विच लाव. मी म्हटलं, पाहून येतो. लय भडकला. गेलो, त मशीनीच्या अंदर एक जण अजून पाना घेऊन बसून होता.”

“कोण?”

“तुझे बाबा.”

टीना जागीच थांबली. तिचे वडील हेमराज त्याच मिलमध्ये फिटर होते, हे तिला माहीत होतं. दोघांच्या दोस्तीतूनच तर तिचं लग्न जुळलेलं. पण ही गोष्ट घरात कधीच निघाली नव्हती.

“बाबा कधी बोलले नाही!”

“त्याले कुठं माहीत आहे? मी म्हटलं, हेमराज, चल चहा पिऊ. तो बाहेर आला. मंग स्विच लावला. तू तवा जन्मली नव्हती. काई झालंच नाही, त सांगाचं काय?”

एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून हा माणूस तिच्या बाबांच्या पंक्तीला जेवला होता, तिला सून करून घरी घेऊन आला होता, आणि तिचं ते गालातलं हसूही त्याने मुकाट चालवून घेतलं होतं. तिला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

तिने फोन काढला आणि माहेरी, जामुलला लावला.

“बाबा, चहा झाला का?”

“झाला ना,” हेमराज म्हणाले. “कावून वं, काय झालं?”

“असंच,” टीना म्हणाली आणि तिने फोन मामांच्या हातात दिला.