संशयकाका आणि परत शिवलेली गोणी

फ्रीजमधून दूध काढलं की तो आधी त्यावरची तारीख वाचायचा, मग वास घ्यायचा, मग चमचाभर चाखायचा आणि म्हणायचा, "ठीक वाटतंय." 'ठीक आहे' असं तो म्हणायचा नाही. त्याला संशयकाका हे नाव मी ठेवलं. तुम्ही दोघं तेव्हा इतके लहान होतात की ते नाव त्याच्या तोंडावर घ्यायचात, आणि तो खूश व्हायचा.

ही २००४ सालची गोष्ट. तुमचे आईबाबा रेडमंडला जायच्या आधी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, एका लहानशा युनिव्हर्सिटीच्या गावात राहत होते. मी सहा महिन्यांसाठी आले होते. घराच्या बेसमेंटमध्ये हा नागपूरचा मुलगा भाड्याने राहायचा. तुमची आई म्हणाली, "आई, तो हरणांवर रिसर्च करतो." मी ते ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. हरणांवर रिसर्च करणाऱ्याला इतके सुरे कशाला लागतात? फ्रीजरला कुलूप कशाला? आणि दर शनिवारी पहाटे जाऊन संध्याकाळी परत येताना बुटांवर डाग कसले?

एकदा मी लोणच्याची बरणी आणायला खाली गेले, तर बरण्यांशेजारी वर्तमानपत्रावर ओळीने जबडे वाळत ठेवलेले. दातांसकट! मी किंचाळले नाही. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई सहजासहजी किंचाळत नाही. पण बरणी न घेताच वर आले. तो मागोमाग आला.

"काकू, घाबरू नका न. दातांवरून वय कळते. दीड वर्षाचे नर तेवढे मला पाहिजेत. लहानाची तुलना मोठ्याशी केली तर काय अर्थ आहे?"

"माझ्या लोणच्याशेजारीच कळतं का रे वय?"

त्याने जबडे हलवले. बरणीचं झाकण उघडून वासही घेतला. मग म्हणाला, "ठीक वाटतंय."

त्याचा प्रश्न ऐकायला सोपा होता. तिथे दोन जातींची हरणं असतात. वरच्या कोरड्या दरीत म्यूल डियर, खेचरासारख्या मोठ्या कानांचं. खाली नदीकाठी व्हाइटटेल, पळताना शेपूट उभी करून खालचा पांढरा भाग दाखवणारं. सगळे म्हणायचे म्यूल डियर मोठं. हा विचारायचा, "कशावरून?" मोठी हरणं एकीकडची नि लहान दुसरीकडची, असं नको. एकाच परिसरातली, एकाच वयाची, काट्यावर तोललेली हवीत. शिकारीच्या दिवसांत लोक मारलेलं हरीण रस्त्यावरच्या तपासणी चौकीवर दाखवून पुढे जात. वरच्या चौकीवर हा वजन करायचा, खालच्या चौकीवर टॉम नावाचा त्याचा सोबती.

एका शनिवारी मी हट्टाने त्याच्याबरोबर गेले. खरं सांगायचं तर पाळत ठेवायलाच गेले. नारिंगी जाकीट घातलेले धिप्पाड शिकारी ट्रक थांबवून पहिल्या वाक्यातच वजन सांगायचे. एकजण म्हणाला, "दोनशे पौंड तरी आहे, दोस्ता." संशयकाकाने मान हलवली आणि हरीण काट्याला टांगलं. काट्याने बरंच कमी सांगितलं. शिकारी म्हणाला, "तुझा काटा बिघडलाय." त्यावर हा शांतपणे म्हणाला, "सकाळीच तपासलाय." परत येताना गाडीत मला म्हणाला, "काकू, कान मोठे दिसले की माणसाला पूर्ण जनावरच मोठं दिसते. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका."

काटा तो कसा तपासायचा, ते मला घरातच बघायला मिळत होतं. डिपार्टमेंटचं प्रमाणित लोखंडी वजन एकच होतं आणि ते टॉमच्या चौकीवर असायचं. म्हणून हा दर शनिवारी आमची तांदळाची गोणी काट्याला लावायचा. तुमचे बाबा सिएटलहून पाच तास ड्राइव्ह करून एकदम चार गोण्या आणत, चाळीस-चाळीस पौंडांच्या. बेसमेंटच्या जिन्यालगतची, शिवण न उसवलेली गोणी तो घ्यायचा आणि काटा बरोबर चाळीसवर येईपर्यंत बाजूचा स्क्रू फिरवायचा. मी त्याला एकदा म्हटलं, "दुकानदाराने कमी भरली असली तर?" तो इतका खूश झाला की चहा प्यायला वर आला. "म्हणूनच पहिल्या दिवशी ती त्या लोखंडी वजनाशी ताडून घेतली, काकू!"

शिकारीचा हंगाम संपल्यावर एका रविवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे कागद पसरून बसला होता. चेहरा उतरलेला.

"काय झालं रे?"

"आकडे छान आलेत. म्यूल डियर मोठं निघालं. सर खूश आहेत."

"मग तोंड असं का?"

"फारच छान आलेत. हे बघा. हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही जाती सारख्याच. मग एका शनिवारपासून माझ्या चौकीवरची हरणं एकदम जड झाली. असं हरणं ठरवून करत नाहीत."

त्याचा संशय टॉमवर होता. त्या शनिवारच्या आधी दोन दिवस टॉमने याचा काटा मागून नेला होता आणि परत आणून दिला होता. "त्यानेच काट्यात असं काहीतरी केलंय, जे गोणी लावून कळत नाही. उद्या सरांना सांगतो. त्याला प्रोजेक्टवरून काढतील, पण माझा इलाज नाही." मला टॉम आवडायचा. तुमच्यासाठी पाइनची शंकूसारखी फळं आणून द्यायचा. पण मीही मान हलवली. महिनाभर संशयाच्या घरात राहिलं की माणसाला त्याची सवय लागते.

संध्याकाळी तांदूळ काढायला मी खाली गेले. जिन्यालगतची गोणी उघडायला दोरा ओढला, आणि तो सुटेना. दुकानातल्या गोणीचा दोरा एका टोकाला ओढला की सरकन सुटतो. या दोऱ्याला शेवटी दुहेरी गाठ होती. माझी गाठ.

मी पायरीवरच बसले. तुमची आई नेहमी हसायची, "आई, इथे तांदळात टोके होत नाहीत!" पण मला राहवत नाही. मी ती गोणी उसवून तांदळाला एरंडेल चोळलं होतं, वरच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा डबा भरून घेतला होता, आणि उरलेला तांदूळ परत भरून त्याच भोकांतून, त्याच दोऱ्याने गोणी शिवून टाकली होती. इतकी नीटनेटकी, की त्या संशयी मुलालाही कळू नये. ती त्याच्या काट्याची गोणी, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. माझ्या कॅलेंडरवर नोंद होती: गुरुवार, तांदूळ, एरंडेल. त्याच्या पुढचाच तो शनिवार.

आता खरं सांगते. गप्प राहावं असं मला क्षणभर वाटलं. त्याचं छान उत्तर राहिलं असतं, सर खूश राहिले असते, आणि मी त्याला पसाऱ्यावरून बोलायला मोकळी राहिले असते. पण उद्या सरांकडे टॉमचं नाव जाणार होतं.

मी कॅलेंडर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशावरून?"

एवढं कबूल करूनही! मला रागही आला आणि हसूही. मग मी तो डबा काठोकाठ भरला, आधी रिकामा आणि मग भरलेला असा काट्याला टांगायला लावला. त्याने दोनदा टांगला. हलकी झालेली गोणी चाळीसची धरल्यामुळे काटा प्रत्येक हरणाला डबाभर जास्त सांगत होता. मग कागद ओढून वजाबाकी करत बसला. त्या शनिवारपासूनच्या प्रत्येक हरणातून माझ्या डब्यातला तांदूळ वजा झाला. बऱ्याच वेळाने त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"काकू, दोन्ही सारखीच निघाली. सगळा फरक तुमच्या डब्याएवढाच होता."

"सर काय म्हणतील?"

"रागावतील. आणखी एक हंगाम कर म्हणतील." त्याने कागद गोळा केले. "पण टॉम..."

दुसऱ्या दिवशी तो आधी टॉमकडे गेला. टॉमला यातलं काहीच माहीत नव्हतं. न सांगताही चाललं असतं. तरी याने आपला संशय सांगून टाकला. टॉम काय म्हणाला हे मी विचारलं तेव्हा कान लाल करून म्हणाला, "तो म्हणाला, पुढच्या वर्षी लोखंडी वजन तू ठेव, गोणी मला दे."

त्याला खरंच आणखी एक हंगाम करावा लागला. तोवर मी पुण्याला परतले होते. मी निघाले त्या सकाळी तो सामान गाडीत ठेवायला आला होता. मी त्याच्यासाठी एक नवी कोरी गोणी बाजूला काढून ठेवली होती. त्याने ती उचलली, आडवी केली, आणि दोन्ही टोकांची शिवण बोटाने चाचपून पाहिली.

"बघ, नीट बघ," मी म्हटलं.

"तुमच्यावर संशय नाही, काकू. सवय आहे." मग त्याने गोणी खाली ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला.

"गोणी ठीक वाटतेय न?" मी विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.