इथी काही लिहिलंच नाई

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. ही तारीख कोणालाही तपासता येते. त्याच वर्षीच्या हंगामात मूल गावचे मुखरू गुरनुले पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकाच्या विंगेत प्रॉम्प्टर म्हणून पहिल्यांदा बसले, याला मात्र त्यांच्या पत्नी कमळाबाईंच्या आठवणीखेरीज आधार नाही. धान कापून झाले की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटके लागतात. तालमी थोड्या, संवाद लांबलचक. त्यामुळे नट एक कान विंगेकडे ठेवूनच उभा असतो. रंगमंच गप्प झाला की प्रेक्षक नटाला सोडून प्रॉम्प्टरलाच हाका मारतात. गप्प रंगमंच म्हणजे आपली चूक, हा एकच नियम मुखरूभाऊंनी वर्षानुवर्षे पाळला.

मुलगी नीलिमा चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवू लागली आणि तिथल्या फिल्म क्लबातून युरोपातले सिनेमे पेन ड्राइव्हवर घरी आणू लागली. मुखरूभाऊंना इंग्रजी येत नाही. खाली उमटणाऱ्या ओळी नीलिमा मराठीत मोठ्याने सांगत जाई आणि ते पडद्यावरची नजर न काढता ऐकत. घरातली प्रॉम्प्टरची जागा अशी मुलीकडे गेली.

एका दुपारी लागलेल्या सिनेमात एक म्हातारी बर्फातून घरी येते. नवरा खुर्चीत बसल्या बसल्याच गेलेला असतो. ती त्याच्यासमोर बसते, ओले हातमोजे काढते आणि बसूनच राहते. नीलिमाही गप्प झाली. मुखरूभाऊंना वाटले, पोरीची ओळ निसटली.

"काऊन थांबली? वाच ना."

"बाबा, इथी काही लिहिलंच नाई."

त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. संवाद राहून गेलेला नव्हता. कोणीतरी जाणूनबुजून तो ठेवलाच नव्हता. कमळाबाई सांगतात, पुढ्यातला चहा निवून गेला तरी माणूस हलला नाही. रात्रभर पेटलेल्या डोंगराकडे पाहावे तसा तो पाहत होता.

त्यानंतर त्यांनी हाती लागेल तो सिनेमा पाहिला, पण भाविकासारखा नव्हे. तिकडचा नट आपण कोणाला दिसतो आहोत हे विसरू शकतो, याचे त्यांना अपार आश्चर्य. खिडकीतून येणारा उजेड भिंतीवरून सरकेपर्यंत थांबणारा कॅमेरा त्यांना साक्षात धैर्य वाटे. उलट, एका सिनेमात चार श्रीमंत जोडपी जेवणाच्या टेबलाभोवती शेवटपर्यंत बोलतच राहिली, तेव्हा "सारे प्रॉम्प्टरच जमले, नट कोणी नाई," म्हणून ते उठून गेले. मोठ्या घरात विनाकारण उदास फिरणाऱ्या माणसांना एक हंगाम धानाच्या रोवणीला पाठवावे, असे त्यांचे ठाम मत होते. शेवट न सांगता संपणाऱ्या सिनेमांबद्दल ते नीलिमाशी भांडत. तिकीट घेऊन माणसाला अर्ध्या पुलावर उतरवणे त्यांना मंजूर नव्हते.

मग त्यांनी स्वतःच्याच पोटावर पाय येईल असा हट्ट धरला. नव्या नाटकाच्या पहिल्या अंकात आईला मुलाच्या मृत्यूची बातमी कळते आणि ती हमखास टाळ्यांचे स्वगत म्हणते. ते स्वगत गाळा, बाई नुसती बसू द्या, असे त्यांनी सुचवले. आईचे काम करणारी चंचल वैतागली.

"भाऊ, तुमाले मले आठवण द्याले ठेवलं, का विसरवाले?"

नाटक कंपनीचे मालक प्रफुल्ल यांनी एका प्रयोगाची मुभा दिली, पण अट घालून: "लोक चिल्लावले तं पुढच्या साली तुमच्या जागी दुसरा बसन." शेती थोडी आणि दुसरे काम अंगवळणी नसलेले. मुखरूभाऊंनी मान डोलावली. चंचल मात्र तालमीत हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

प्रयोग नागभीडजवळच्या एका गावच्या मंडईत होता. बातमी आली. चंचल मुलाचा सदरा मांडीवर घेऊन बसली आणि बोलली नाही. मंडपातून आवाज आला, "मुखरू झोपला का बे?" हशा पिकला. त्याच क्षणी चंचलने विंगेकडे पाहिले. इतक्या वर्षांची सवय मुखरूभाऊंच्या ओठांवर आली. स्वगताची पहिली ओळ जिभेवर होती. त्यांनी संहिता मिटली आणि तोंडावर हात ठेवला.

चंचलने नजर वळवली. सदऱ्याची एक गुंडी तुटली होती. ती जागा ती बोटाने चाचपत राहिली. हशा विरला. एका बाईने रडणारे लेकरू उचलले आणि पाऊल न वाजवता मंडपाबाहेर नेले. ज्या मंडपात कोणीतरी सतत बोलत असते, तिथे पडणाऱ्या पडद्याच्या दोराची करकर ऐकू आली. टाळी एकही वाजली नाही. प्रफुल्ल यांनी प्रयोग पडला असेच धरले. पण मध्यंतराची घंटा झाली तरी पुढच्या रांगा चहाला उठल्या नाहीत. प्रफुल्ल विंगेत आले आणि मुखरूभाऊंकडे पाहून परत गेले. पुढच्या हंगामातही विंगेत मुखरूभाऊच बसले.

त्या म्हातारीच्या सिनेमाचे नाव आणि देश आजही ठाऊक नाही. पेन ड्राइव्ह पुसला गेला आणि नीलिमाने केलेल्या वर्णनावरून तो सापडलेला नाही. चंचल त्या वेळी ठरवून गप्प राहिली, की हशाने गडबडून ओळ मागत होती, याविषयी तिने दोन वेळा दोन निराळी उत्तरे दिली आहेत. मुखरूभाऊंनी तिला कधी विचारले नाही. त्यामुळे ती शांतता नेमकी कोणाची होती, हे माहीत नाही.