एक पंगत, आपापलं ताट

आमच्या घरात कचरा आणि किस्से दोन्ही साठतात. कचऱ्याला निदान घंटागाडी येते!

दरवर्षी आमचं शिवाजी पेठेतलं अख्खं खानदान गगनबावड्याच्या वाटेवरच्या आमच्या शेतात मटणाला जातं. पुरुष रस्सा करतात, त्याचं वर्षभर कौतुक. बायका भाकऱ्या थापतात, वाढतात, शेवटी गार रस्सा जेवतात आणि भांडी घासतात. यंदा मी म्हटलं, सगळं माझ्याकडे द्या. प्लॅस्टिक नाही, डीजे नाही, सगळ्यांची एकच पंगत. ताट घरून आणायचं आणि ज्याचं त्यानं धुवायचं.

थोरले आबाकाका म्हणाले, "कर की! पण एक जरी माणूस उपाशी उठला, तर पुढच्या सालापासनं बायका घरातच!"

*

पेट्रोल वाचवायला एकच बस ठरवली. सगळे हो म्हणाले. निघताना बघते, तर मागं सगळ्यांच्या गाड्या! "बस बंद पडली तर?" म्हणे. बसमध्ये मी, ड्रायव्हर आणि मटण.

*

आमची आत्या फार शिस्तीची. तिनं घरातल्या सगळ्यांची ताटं आणली. प्रत्येक ताट वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत! वर मलाच म्हणते, "धूळ बसंल की गं! ताट घरचंच हाय न्हवं?"

*

बायकांसाठी तात्पुरता संडास भाड्यानं आणला. आबाकाका खवळले. "एवढं मोकळं रान हाय की! कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

दुपारी दारासमोर बायकांची ही रांग. आतून कडी. आत आबाकाका, मोबाईलवर कुस्ती बघत!

*

डीजे नाही म्हणून शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी निवांत रवंथ करत होत्या. तेवढ्यात धाकट्या काकांनी गडहिंग्लजच्या पावण्यांना फोन लावला. म्हशी ताडकन उठल्या. पावण्यांना फोन कानाला लावायचीही गरज पडली नसेल.

*

जेवायची वेळ झाली. काकीनं, म्हणजे आबाकाकांच्या बायकोनं, लग्नानंतर पहिल्यांदाच इथं वाफाळता पांढरा रस्सा तोंडाला लावला. आबाकाका मात्र हाताची घडी घालून बांधावर.

"मी ताट आणलंच न्हाय. आता एक माणूस उपाशी. हरलीस!"

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांनी आपापलं आणलेलं, जादाचं ताट येणार कुठून? मी तोंड उघडणार, तोच काकीनं हातानंच मला गप्प केलं. मग तिनं सावकाश तांबडा घेतला, भुरका मारला, नळी फोडून चोखली. आबाकाका बघत राहिले. पातेल्यातला रस्सा तळाला गेला, तसे उठून जवळ आले.

"जरा मिठाची चव बघतो."

"बघा की!" काकीनं आपलं खरकटं ताट पुढं सरकवलं. "तेवढं धुवून घ्या."

आबाकाकांनी इकडंतिकडं बघितलं. ताट उचललं. नळावर गेले, उकिडवे बसले आणि घासायला लागले.

काकीनं बसल्या जागेवरून मान उंच केली.

"अवो, कडंला राहिलंय बघा!"