सोलापुरातली टॉलेस्ट नलिनी

हसायचं ते आधीच हसून घ्या बाई, कारण जीभ माझीच घसरली, तीही इंग्रजीत!

शेजारच्या सुमनबाईंची नलिनी घरी इंग्रजीची शिकवणी घ्यायची. भिंतीला कान लावायची मला सवय नाही हो, भिंतच पातळ! "टॉल, टॉलर, टॉलेस्ट" ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. टॉलेस्ट म्हणजे सगळ्यांत उंच. फोडणी देता देता शिकले मी!

अशात नलिनीला बघायला करकंबचे पाहुणे आले. मुलगा इंग्रजीचा मास्तर, सोबत त्याची आत्या. मी शेंगापोळ्या घेऊन हजर. बोलावलं नव्हतं, पण शेजारधर्म असतो की नाही?

नलिनी जरा वाकूनच आली आणि झटकन पाटावर बसली. म्हटलं, पोरगी लाजली. सगळं छान चाललेलं. आता मास्तरसमोर आपल्या गल्लीचं नाव नको राहायला?

"अवर नलिनी, टॉलेस्ट गर्ल इन सोलापूर!" मी ठणकावलं.

सुमनबाईंच्या हातातली बशीच निसटली.

"म्हंजी काय वो?" आत्याबाईंनी विचारलं.

मास्तर हळूच म्हणाला, "सोलापुरातली सगळ्यात उंच मुलगी."

"व्हय? मग उटा की बाई, बगू द्या!"

नलिनी उठली. उठतच गेली! मास्तर शेजारी उभा राहिला, तर तिच्या कानाच्या पाळीला लागला.

सुमनबाई माझ्या कानात फणकारल्या, "दोन स्थळं ह्याच उंचीपायी परत गेली. म्हणून तर बसवून ठेवलं होतं!"

हे बसवून ठेवायचं त्यांचं ठरलं, तेव्हा मी नेमकी नवी पेठेत बांगड्या भरायला गेलेली. एक दिवस भिंतीपासून लांब गेले, तर हे असं!

"नवरीपरीस नवरा बुटका? लोक हसतील की!" आत्याबाईंनी पिशवी उचलली.

मास्तर मात्र हसला. "आत्या, माळ्यावरचा डबा काढायला तू रोज शेजाऱ्याला हाका मारतीस. आता घरातच सोय होईल. मला पसंत आहे."

नलिनी पहिल्यांदाच ताठ उभी राहिली. "मलाही."

जमलं! "माझ्यामुळं जमलं" असं मी आठवडाभर गल्लीत सांगत फिरले.

मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडं नलिनी विचारत होती, "मोठ्या आवाजाचं ते लाऊड. रेल्वेचं इंजिन लाऊड. लाऊडर कोण?"

"मिलचा भोंगा!"

"आणि लाऊडेस्ट?"

सगळी पोरं एका सुरात, "शेजारच्या मावशी!"

"कोण म्हणालं रे ते?" मी इकडूनच ओरडले.

आणि काय झालं म्हणून पलीकडच्या गल्लीतली माणसं धावत आली!