डफाचं मेंडोलिन

माझा नवरा रेल्वेच्या कामावर बॉयलरचे रिव्हेट ठोकायचा आणि लग्नाकार्यात मेंडोलिन वाजवायचा. ठाण्याला तळ्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्याच्याशिवाय लग्न लागत नसे म्हणा ना. माझा थोरला भाऊ त्याच्या जोडीला फिडल वाजवी.

एकदा मुंबईच्या बंदरावर एका खलाशाला त्याने आपलं मेंडोलिन देऊन टाकलं आणि बदल्यात भलतंच वाद्य घरी आणलं. डफासारखं गोल, त्यावर ताणलेलं कातडं, कडेने पितळेचे स्क्रू. त्या डफाला मेंडोलिनचा दांडा आणि मेंडोलिनच्याच आठ तारा. बोटं नेहमीसारखीच फिरवायची, पण आवाज बँजोचा, खणखणीत. वस्तीत त्याचं नाव पडलं डफाचं मेंडोलिन.

घुमटाच्या, म्हणजे त्या मातीच्या ढोलाच्या, दणक्यात मेंडोलिन कुणाला ऐकू जात नाही, म्हणून हे आणलं, असं तो सांगे. सगळ्यांना ते पटलं. मला मात्र चैन पडेना. पाठमोरा असला की हाकेला ओ देत नव्हता. मी मिठाचं विचारलं तर माशांचं सांगे.

एका दुपारी मी विहिरीवरून आले तेव्हा तो तारा जुळवत होता. वाद्याची लाकडी कड दातांत धरून, डोळे मिटून. तार छेडायची, खुंटी पिळायची, पुन्हा छेडायची. मला पाहून त्याने वाद्य खाली ठेवलं.

"असं दातांतून कळतं," तो म्हणाला. "कानांनी आता कळत नाही. तुझ्या भावाला सांगू नकोस."

मी कबूल केलं आणि माझा जीव टांगणीला लागला. भावाला कळलं तर तो दुसरा जोडीदार घेईल, आणि वाजवणं गेलं तर हा माणूस नुसता रिव्हेट ठोकत मरेल, असं वाटे.

पाऊस नुकताच सरला होता. कल्याणला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. गाडी खाडीच्या कडेने चालली होती, हवा ओली होती आणि वाद्य त्याच्या मांडीवर उघडंच होतं. मी कातड्यावर बोट दाबून पाहिलं. ते मऊ, सैल लागलं. त्याला सांगावं तर डब्यात ओरडावं लागलं असतं, आणि समोरच भाऊ बसला होता.

मांडवात पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्या गाण्यात कातडं आणखी सैल पडलं आणि त्यावर टेकलेल्या सगळ्या तारा उतरल्या. त्या दिवशी साथीला आलेला क्लॅरिनेटवाला मागे वळून पाहू लागला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. माझा नवरा मात्र मजेत मान हलवत वाजवत होता. मला ते बघवेना. मी उठले, त्याच्या हातातून वाद्य ओढून घेतलं आणि मांडवामागे चुलीपाशी गेले. तो रागाने मागून आला.

मी कातडं आचेसमोर धरलं. जवळ नेलं तर फाटेल, लांब धरलं तर सुकणार नाही. तेवढ्यात भाऊही आला. आता सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"दादा, याला ऐकू येत नाही."

"मला ठाऊक आहे, बाय," भाऊ म्हणाला. "वर्ष झालं. याचा सूर उतरला की मीही फिडल उतरवतो. आज क्लॅरिनेट आहे, त्याचा सूर बांधलेला, त्याला कसं उतरवू?"

त्याने माझ्या हातून वाद्य घेतलं, स्क्रू थोडे थोडे आवळले आणि वाद्याची कड माझ्या नवऱ्याच्या तोंडाशी नेली. माझ्या नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने कड दातांत धरली. भाऊ एकेक तार छेडत गेला आणि हा मानेने वर, खाली सांगत गेला.

दोघे मांडवात परतले ते नवरी निघेपर्यंत वाजवत राहिले.

पुढे त्याचे कान पुरते गेले, तरी त्याचं वाजवणं सुटलं नाही. भाऊ शेजारी बसून आपला पाय त्याच्या पायावर ठेवी आणि दाबून ताल देई. लोक कौतुक करत. मी मात्र त्यानंतर एकाही लग्नात पोटभर जेवले नाही. तारा केव्हा उतरतील, याकडेच माझे कान लागलेले असत.