गढीची लेक

मला एका जागी बसवत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण या उन्हाळ्यात मी जे करत होते त्याला नुसतं बसवत नाही म्हणणं म्हणजे फारच कमी झालं. परभणीतल्या माझ्या दोन खोल्यांत मी गॅस बंद केलाय का ते बघायला उठायची, वाटेत फोन उचलायची, गॅस विसरून गच्चीवर जायची आणि गच्चीवर कशाला आले ते न आठवून पुन्हा खाली यायची. सेलूहून निरोप यायचा होता. माझ्या भाचीचं लग्न होणार की मोडणार हे त्या निरोपावर होतं, आणि ते अडलं होतं माझ्या तोंडामुळे.

भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. भाऊ वालूरजवळ गावी शेती बघतो. पोरगी कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली आणि माझीच होऊन गेली. मी शाळेत शिकवते, एकटी राहते, आणि माझ्याकडे द्यायला फार काही नाही. जे होतं ते दिलं. त्यात एक वेडही दिलं, गढीच्या लेकीचं.

आमच्या गावाबाहेर गढी आहे. गढी आपली म्हणायला. खरं तर पांढऱ्या मातीचा उंचवटा आहे, आणि तोही दरवर्षी खचतो, कारण अर्ध्या गावाने ती माती आपापल्या माळवदावर, म्हणजे घराच्या धाब्यावर, नेऊन टाकली आहे. उताराला एक कळंबाचं झाड आहे. यादवांच्या काळात तिथे आमचा मूळपुरुष राहायचा, असं आमचे चुलते छाती फुगवून सांगायचे. मूळपुरुष कसला! गढीच्या धन्याला मुलगा नव्हता, एकुलती एक लेक होती. बाप गेल्यावर गढी, गावं, मान, सगळं तिच्याकडे आलं. लग्न झालं तरी ती सासरी गेली नाही, नवराच तिच्या घरी राहायला आला. आम्ही आज जी जमीन कसतो ती तिची, आणि कूळ मात्र त्याचं लावतो. चुलत्यांना त्या जावयापासून स्वतःपर्यंतची सगळी नावं तोंडपाठ होती. तिचं नाव विचारलं की म्हणायचे, ‘बायकांची नावं कोण ध्यानात ठेवतंय?’ या एका वाक्यावरून मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडले.

तिची म्हणून एकच गोष्ट घरात उरली होती. आमच्याकडे लग्नाआधी देवक बसवतात. देवक म्हणजे कुळाची खूण. ज्यांचं देवक एक, ते बहीणभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचं देवक त्या जावयाकडून आलेलं, पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पानं. ती पानं बांधताना घरातली मोठी बाई त्यांच्या पोटात कळंबाचं एक पान गुपचूप सारते. कळंब हे गढीच्या लेकीच्या बापाचं देवक. हे पुरुषांना माहीत नसतं, किंवा माहीत नसल्यासारखं ते करतात. मी लहान असताना माझी आत्या ते पान सारायची. एका लग्नात मी तिच्या शेजारी बसून विचारलं, ‘आत्या, गढीच्या लेकीचं नाव काय होतं?’ तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, ‘कुणाचं गं?’ आणि अंगठ्याने पान आत दाबून गाठ मारली. मला तिचा भयंकर राग आला. एवढी जबर बाई आणि पुरुषांना भिऊन गप्प बसते, असं वाटलं.

तर सेलूची मंडळी पोरगी पाहायला आली. पाहायला म्हणजे काय, पोरांचं आधीच जमलेलं होतं. मोठ्यांनी फक्त पोहे खायचे होते. मुलगा चांगला. आईवेगळा, आजीने वाढवलेला, तिच्या शब्दाबाहेर न जाणारा. आजी सगळ्यांत पुढे बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर जराही न ढळता. देवक विचारल्यावर भाऊ ‘पंचपालवी’ म्हणाला, आजींनी ‘आमचं कळंब’ म्हणून सांगितलं. मी तेव्हा आत चहा गाळत होते. ते दोन शब्द माझ्या कानावर आले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी बाहेर आले आणि आजींनी सहज विचारलं, ‘तुमचं घराणं जुनं म्हणत्यात.’ झालं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी गढीपासून सुरुवात केली. भाऊ डोळे वटारत होता, मला वाटलं नेहमीचंच. मी म्हणाले, ‘आमचा वंश खरा लेकीचा. जावई आला तो पाहुणा म्हणून.’ आजी मन लावून ऐकत होत्या. इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून मी आणखीच रंगले.

‘मग त्या लेकीचं देवक कोणतं?’

‘कळंब,’ मी म्हणाले. चक्क मिरवत म्हणाले.

आजींनी कप खाली ठेवला. ‘मंग अवघड झालं की. वतन लेकीचं तर वंशबी लेकीचाच. म्हंजी तुमी आमी भाऊबंद.’

जन्मभर मी ज्याच्या त्याच्याशी हेच भांडत आले होते. ते मनापासून मान्य करणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं, आणि ते भेटलं भाचीचं लग्न मोडायला.

पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाला, ‘अक्का, तुला कुणी इचारलं होतं? लेकराच्या जीवावर उठायलीस का?’ मी उलट बोलले नाही. हे मला आठवतं तसं पहिल्यांदाच.

भाची माझ्याबरोबर परभणीला परत आली, नोकरीवर जात राहिली, भाकरी थापत राहिली. मुलगा आजीचं मन मोडणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तो मोडायला निघाला असता तर तिलाच तो आवडेनासा झाला असता. मी एकदा म्हणाले, ‘काहीतरी बोल गं, शिव्या दे मला.’ ती म्हणाली, ‘तुला कशाला शिव्या देऊ? तू तर खरंच सांगितलंस.’ ते ऐकून मी पुन्हा गच्चीवर गेले.

शेवटी फोन आला तो भावाचा. आजींना पोरगी पसंत होती, लग्न मोडायची त्यांनाही इच्छा नव्हती. पण उद्या काही वाईटवंगाळ झालं तर देवाला काय तोंड दाखवायचं, ही त्यांची भीती. त्यांनी वाट काढली होती. पोरीच्या घरातल्या मोठ्या बाईने, म्हणजे मी, त्यांच्या देवापुढे बेलभंडार उचलायचा आणि शपथेवर सांगायचं, की गढीची लेक वगैरे काही नव्हतं.

‘एवढंच हाय,’ भाऊ म्हणाला. ‘नुस्ती कहाणीच तर हाय, अक्का. कोन बघितलंय तिला?’

मी फोन ठेवला आणि घरभर फिरले. नुसती कहाणी! मला कुणी मुलगी नाही, मला त्या घरात हक्काचं असं काही नाही. एवढ्या मोठ्या घराण्यात मला आपलं वाटलेलं माणूस ते एकच. तिला मी माझ्या तोंडाने नाही म्हणायचं? संध्याकाळी भाची आली, चप्पल काढताना तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. म्हणाली, ‘आत्या, तुझ्या मनाविरुद्ध नको.’ रडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे कुकर लावला.

मी सेलूला एकटीच गेले. रेल्वेत जागा होती तरी दारापाशी उभी राहिले. पेडगाव गेलं तेव्हा वाटलं, पुढच्या स्टेशनावर उतरावं आणि परतीची गाडी धरावी. पुढचं स्टेशन आलं, गेलं. प्रत्येक स्टेशनला मी उतरायची ठरवत होते.

आजींनी देवघरासमोर पाट मांडला होता. त्या माझ्या हातावर बेल आणि भंडारा ठेवून हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘बाई, मला समजतंय. पण माझाबी इलाज न्हाई.’ भंडाऱ्याने तळहात पिवळाजर्द झाला. मी म्हणाले, ‘आमच्या घरात अशी कोणी लेक नव्हती. ते मी रचून सांगितलं.’ आवाज अजिबात कापला नाही. मला स्वतःचीच शिसारी आली. आजी डोळे पुसत म्हणाल्या, ‘आता जेवून जा.’ मी जेवले. पुरणपोळी होती, दोन खाल्ल्या.

लग्न गावी झालं. देवक बसवायला मीच बसले, आता मोठी मीच. पाच पानं ताटात होती, सहावं आणायचं नाही असं मी ठरवूनच आले होते. अंगणात हलगी वाजत होती, सेलूची मंडळी येऊन पोचली होती. मी दोरा घेतला आणि पानं जुळवायला लागले.

हळदीच्या अंगाने भाची माझ्याशेजारी येऊन टेकली. तिने पदराआडून मूठ काढली आणि कळंबाचं एक पान ताटात ठेवलं. सकाळीच गढीच्या उतारावर जाऊन आली होती म्हणे, नवरीने घराबाहेर पडायचं नसतं तरी.

‘हे राहिलं होतं,’ ती म्हणाली. मग अगदी माझ्या कानाशी येऊन, ‘आत्या, तिचं नाव खरंच कुणालाच माहीत नाही का गं?’

आजी दारातच उभ्या होत्या. मी मान वर केली नाही. मला माझी आत्या आठवली, तिचा अंगठा आठवला. ती कुणाला भ्याली नव्हती. तिनेही कुठल्या तरी पोरीसाठी कुठल्या तरी देवापुढे भंडारा उचलून असंच नाही म्हटलं असणार, आणि तिच्या आधीच्या आत्यानेही. त्यांच्यातल्या एखादीला तरी नाव ठाऊक असेल.

मी पान पाचांच्या पोटात सारलं, अंगठ्याने दाबलं आणि गाठ मारली.

‘कुणाचं गं?’ मी म्हणाले.