फोडून पाहिलेली खारीक

माझ्या मोठ्या बहिणीला मुलगी झाली, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा संपवून आलापल्लीच्या बसने घरी आले. अंगणात एका बाजूला मोहफुलं वाळत होती, दुसऱ्या बाजूला जुन्या लुगड्यावर खारका.

"बाहेर देशातली आहे," माय म्हणाली. "बाजारातल्या शेठनं बाळंतिणीसाठी खास देल्ली. जराशी दमट होती, पुसून उन्हात टाकली."

मी एक उचलली. देठाजवळ हिरवट थर राहिलाच होता. फोडली, तर आत काजळीसारखी काळी पूड.

वेचलेला मोह पावसात भिजला की आमच्याकडे तो चोळून पुन्हा उन्हात टाकतात. मायने खारकेलाही तेच केलं. पण ऊन बुरशीला वाळवतं, तिने फळात सोडलेलं विष नाही. भाजून, शिजवूनही ते सहसा जात नाही. वर्गात मी हे नीट लिहून घेतलं होतं.

"माय, हे बाईले नको देऊ. किडनी, लिव्हर खराब होते याच्यानं. दुधातून लेकरापर्यंतही जाऊ शकते."

"काल याच खारकेचे दोन लाडू खाल्ले तिनं. झालं काई?"

"आज नाई दिसत. हळूहळू होते."

"कालेजात गेली तं घरचं खानं जहर दिसाले लागलं तुले!"

बहीण खाटेवरून म्हणाली, "भांडा नंतर वं. मले भूक लागून राह्यली."

आमच्या घरात कुणी कुणाच्या पुढचं अन्न ओढत नाही. तरी मी लाडवांचा डबा उचलला आणि मांडीवर घेऊन बसले. माझी खात्रीही डळमळत होती. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, प्रत्येक बुरशी विष करत नाही, पण कोणती करते ते घरी बसून ओळखता येत नाही. माझ्याकडे ना प्रयोगशाळा, ना पुरावा. मी चुकत असेन का? असेनही. डबा मात्र परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मायला त्याच शेठला मोह विकायचा होता. मी तीन खारका ओढणीच्या टोकात बांधून सोबत गेले.

शेठची मोह घ्यायची रीत सगळ्यांना माहीत. वरचा मोह तो पाहतच नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळातली मूठ काढतो आणि एकेक फूल फोडतो. त्या दिवशीही त्याने फोडलं.

"हे पाय बाई, आतून काळं. हा बोरा नाई चालत."

माय पोत्याचं तोंड बांधू लागली. मी ओढणीची गाठ सोडली आणि तिन्ही खारका त्याच्या तराजूच्या पारड्यात फोडल्या. चकचकीत पारड्यावर काळी पूड सांडली.

"शेठ, हे पन पाहा."

"अगं पोरी, इम्पोर्टेड माल आहे हा. जहाजानं येते. थोडं तं होतेच."

तेवढ्यात माय उठली.

"काऊन शेठ? मोहाले झालं तं चालत नाई, खारकेले झालं तं चालते?"

आणि तिने त्याच्या खारकांच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. बाया जमल्या. एक म्हातारी ओरडली, "पाहा वं, आज शेठची झडती!" मूठ वर आली, माय एकेक फोडत गेली. निम्म्याहून जास्त काळ्या.

"आजवर कोनी तक्रार नाई केली," शेठ पुटपुटला.

"कोनी फोडून नाई पाह्यलं. बाळंतिणीसाठी म्हनून देल्लं नं तुमी मले हे?"

शेठने पोतं झाकून मागे सरकवलं. फेकलं नाही. ते दुसऱ्या बाजारात जाईल, हे मला कळत होतं. म्हणून पुढच्या बाजारालाही मी त्या दुकानासमोर उभी राहिले आणि खारीक घेणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाले, "फोडून पाहा." शेठने हाकललं तेव्हा चार पावलं मागे सरले. गेले नाही.

त्या पहिल्या बाजाराच्या दिवशी घरी आल्यावर मायने उरलेल्या खारका आणि सगळे लाडू खड्ड्यात पुरले. कोंबड्यांनाही दिले नाहीत.

"आन् दोन खाल्ले त्याचं?" तिने हळूच विचारलं.

"दोनानं बहुतेक काई नाई होत माय. रोज खाल्लं असतं तं भेव होता. दवाखान्यात विचारू." याहून जास्त मला खरंच माहीत नव्हतं.

मग ती नवे लाडू करायला तीळ आणि घरचा मोह घेऊन बसली. एकेक फूल फोडत होती. एक माझ्यापुढे धरलं.

"हे पाय. तुहं कालेज काय म्हनते?"

मी उजेडात नेऊन पाहिलं. आत काळं होतं. आमच्याच झाडाचं फूल.

"टाक," मी म्हणाले.

तिने टाकलं आणि पुढचं फूल फोडलं.